अठरा घरांची ने-आण

बारामतीत कुणी नवीन माणूस भेटला आणि त्यानं विचारलं, "आपण काय करता?" की मी सांगतो, "घरं बनवतो." पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "वन बीएचके केवढ्याला पडेल?" मी म्हणतो, "आमच्याकडं एकच खोली. हॉल, किचन, बेडरूम सगळं तिच्यातच." "आणि ताबा?" "पूर आला की चौथ्या दिवशी." एवढ्यावर तो माणूस दोन पावलं मागं सरकतो आणि विषय बदलून उसाच्या तोडीवर येतो.

पण खरंच सांगतो, धंदा हाच आहे. पूर येतो, दरड कोसळते, वस्तीला आग लागते. माणसं शाळेत नाहीतर देवळात जाऊन बसतात. त्यांची पक्की घरं उभी राहायला वर्ष लागतं, कधी दोन. तेवढ्या काळात राहायचं कुठं? ताडपत्रीत एक पावसाळा निघत नाही. म्हणून आम्ही बारामतीजवळ जळोचीच्या शेडमध्ये घराचे तुकडे तयार करून ठेवतो: भिंती, छत, जमीन, दार. ट्रकवर रचायचे, न्यायचे आणि तिथं नटबोल्टनं जोडायचे. क्रेन नको, वीज नको. सहा माणसं आणि अर्धा दिवस. सगळे बोल्ट एकाच मापाचे, सतरा-एकोणीसच्या पान्यात बसणारे. हा पाना निवडण्यात माझी सगळी अक्कल खर्च झाली आहे, कारण आमच्या भागात एकवेळ घरात साखर नसेल, पण ट्रॅक्टरच्या सीटखाली सतरा-एकोणीसचा पाना असतोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गरज संपली की घर सोडायचं, ट्रकवर घालायचं आणि पुढच्या संकटाकडं न्यायचं. घर परत आलं पाहिजे. माझं सगळं डिझाइन या एका गोष्टीवर उभं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट होत नव्हती. पण ते नंतर.

मी मूळचा ड्राफ्ट्समन. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि नोकरीभर मशिनरीची ड्रॉइंगं काढली. सरळ रेषेवर माझं प्रेम आहे, ते मी लपवत नाही. रिटायर झाल्यावर आठच दिवसांत सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, स्पष्ट सांगितलं, "माझ्या मांडणीतल्या डब्यांची उंची मोजून त्यांच्या रांगा लावायच्या असतील, तर बाहेर एखादं काम बघा." त्याच महिन्यात इसाक मिस्त्री भेटला. इसाक वेल्डर. हातात जादू, तोंडात कायम बडीशेप. त्याची जळोचीला शेड होती आणि एका सेवाभावी संस्थेनं त्याला विचारलं होतं, की मोडता-जोडता येणारी घरं बनवाल का? त्यानं होय म्हणून टाकलं आणि मग ड्रॉइंग कोण काढणार म्हणून मला शोधत आला. बारामती-इंदापूरकडं उसाला तोटा नाही, म्हणजे चिपाडाला तोटा नाही. चिपाड दाबून त्याची फळी होते. हलकी, उन्हाला थंड, आणि त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. आम्ही ठरवलं, भिंती चिपाडाच्या.

पहिलं घर आम्ही शेडबाहेर उभं केलं आणि पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर घराचा ताबा मुंगळ्यांनी घेतलेला. चिपाडात साखर राहिली होती! आम्ही दोघांनी साखर कारखान्यांच्या गावात आयुष्य काढलं आणि एवढं सुचलं नाही. चिपाड चांगलं धुऊन, वाळवून दुसरं घर केलं, तर शेजारच्या शेळीनं त्याचा एक कोपरा खाल्ला. इसाक म्हणाला, "तात्या, वाईट वाटून घेऊ नका. घर आवडणारं पहिलं गिऱ्हाईक मिळालं." तेव्हापासून खालच्या दोन फुटांना आम्ही बाहेरून पत्रा मारतो.

गिऱ्हाइकं तरी कसली कसली यायची! पिंपळीचे एक बागायतदार थेट ट्रॅक्टर घेऊनच आले.

"एक घर द्या. आपत्ती हाय."

"कसली?"

"पोराचं लगीन झालंय. सून आन् आमची मंडळी एका चुलीवर न्हाईत. रोजच पूर येतोय."

मी म्हटलं, अशा आपत्तीला आमच्याकडं घर मिळत नाही. ते बिचारे बराच वेळ बसून राहिले, चहा प्यायले आणि उठताना म्हणाले, "निदान पंचनामा करायला तरी या."

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट मला खात होती. आमची पहिली सहा घरं गेली ती गेलीच. एकाची रसवंती झाली. एकात पेंडीची पोती. एकावर मंडळाचा बोर्ड लागला. चौथ्यात शेळ्या बांधल्या होत्या, म्हणजे शेळ्यांनी शेवटी घर मिळवलंच. मी भयंकर चिडायचो. एकदा असाच तरातरा एका म्हाताऱ्याच्या दारात गेलो आणि म्हणालो, "मुदत संपली, घर द्या." तो शांतपणे उठला, कडी काढली आणि म्हणाला, "न्या की सायेब. फकस्त मला कुठं ठिवायचं त्येवढं सांगून जावा." त्याचं पक्कं घर जोत्यावरच अडलेलं होतं. मी त्याच्याशी कागदावर बोट ठेवून वाद घातला. आज तो म्हातारा नाही, आणि ते बोट मला अजून आठवतं.

संस्थेच्या ज्या प्रमुख बाई होत्या, त्या फार सरळ बोलायच्या. त्यांनी अठरा नव्या घरांची मंजुरी देतानाच सांगितलं, "तात्या, ही शेवटची परीक्षा. ही अठरा परत आली तर तुमचं म्हणणं खरं. नाही आली तर पुढच्या वेळेपासून आपण ताडपत्र्याच वाटू. त्या तरी परत मागायला नकोत." म्हणजे आता शेडचं, इसाकच्या माणसांचं आणि माझ्या सगळ्या रेघोट्यांचं भवितव्य त्या अठरा घरांवर होतं. मी पक्का बंदोबस्त केला. स्टॅम्पपेपरवर करारनामा: 'सदर घर गरज संपताच मूळ स्थितीत परत करीन.' खाली सही नाहीतर अंगठा.

त्या वर्षी धरणातून पाणी सोडलं आणि नीरेनं काठ सोडला. इंदापूर तालुक्यातली एक वस्ती बुडाली. माणसं वाचली, मातीच्या भिंती बसल्या. अठरा कुटुंबं शाळेच्या दोन खोल्यांत. सगळी पूर्वी मेंढरं राखणारी, घोड्यावर बिऱ्हाड टाकून हिंडणारी; आता कुणी शेती करतं, कुणी दूध घालतं, कुणी कंपनीत जातं. अठरा कुटुंबं आणि आमची अठरा घरं! मला वाटलं, देवानंच ड्रॉइंग काढलंय.

वस्तीजवळच्या उंच गायरानावर आम्ही दोन दिवस राबलो. फक्कीनं रेषा मारल्या, दोरी लावली, नऊ-नऊ घरांच्या दोन रांगा. सगळी दारं रस्त्याकडं. एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटला तर नऊ चौकटींची एकच चौकट दिसावी, इतकं सरळ. माझा ऊर भरून आला. मी फोटो काढून सुमनला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. मांडणीतले डबे आठवले."

लोक आले. भिंतींवर हात फिरवला, जमिनीवर पाय आपटून बघितले, "ब्येस हाय, ब्येस हाय" म्हणाले, करारावर अंगठे उठवले आणि परत शाळेत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही एक घागर आत गेली नाही. इसाक म्हणाला मुहूर्त बघत असतील. मी म्हटलं, बाहेर चिखल, आत दोन खोल्यांत सत्तर-ऐंशी माणसं, आणि मुहूर्त कसला बघतात? दोन दिवसांनी संस्थेच्या बाई बघायला येणार होत्या आणि अठराच्या अठरा घरं रिकामी. माझं डोकं फिरलं. सुमनला फोनवर सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. मला काय माहीत, की घर देताना विचारायचं असतं!

शाळेच्या व्हरांड्यात भामाबाई मिश्री लावत बसल्या होत्या. वस्तीतल्या सगळ्यात वडील. पंचाहत्तरीच्या पुढच्या, काटक, आणि मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करणाऱ्या.

"भामाबाई, घरात काय खोट आहे?"

"घरात काय बी खोट न्हाय. लावलीत वंगाळ."

"वंगाळ? अहो, दोरी लावून बसवलीत!"

"त्येच म्हनते मी. शाळंतल्या पोरांवानी रांगंत उभी केलीस. हिनं दार उघडलं की तिची पाठ दिसती. माझ्या सुनंला आठवा लागलाय. तिनं हाक मारली तर कुनाच्या दारात जाईल? तुझ्या त्या रस्त्यावर?"

त्या थुंकून आल्या आणि पुन्हा बसल्या.

"आमी मेंढरं घिऊन हिंडत हुतो, तवा रोज नवा तळ. पालं कशी लावायचो? समद्यांची तोंडं आत. मधी लेकरं, मधी कोकरं. एकीचं ध्यान असलं की समद्यांवर ध्यान असतंय. असं रांगंत कुनी ऱ्हातं का रं बाबा?"

आता इथं मी शहाणपणा दाखवायला हवा होता. पण मी ड्राफ्ट्समन. माझ्या रेषेला कुणी नावं ठेवली की माझा तोल जातो. मी म्हणालो, "ही पालं नाहीत, घरं आहेत! ड्रॉइंग मंजूर झालंय. आता काही हलणार नाही."

भामाबाईंनी माझ्याकडं वरून खाली बघितलं.

"परवा तूच म्हनत हुतास न्हवं, पाना फिरवला की घर सुटतंय? का निस्त्या बाता?"

इसाकनं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी पान्यांचा डबा आपटला आणि म्हणालो, "चला, सोडा!" रागातच म्हणालो, पण म्हणालो ते बरं झालं.

मला वाटलं, आमचीच माणसं घरं सोडतील आणि वस्ती बघत उभी राहील. पण भामाबाईंनी पदर खोचला, आणि त्यांच्यामागं वस्तीतल्या सगळ्या बाया. मग कळलं, की त्यांच्यात पुरुष मेंढरं घेऊन पुढं जायचे आणि तळ मोडायचा, बिऱ्हाड बांधायचं, घोड्यावर लादायचं, पुढच्या तळावर पुन्हा उभं करायचं, हे सगळं बायांचं काम. रोजचं. भामाबाईंनी आयुष्याची चाळीसेक वर्षं दररोज घर मोडून दररोज घर बांधलं होतं. आणि मी त्यांना मोडता-जोडता येणारं घर समजावून सांगत होतो!

"कंचा तुकडा आदी?" त्यांनी विचारलं.

मी तुकड्यांवरचे नंबर दाखवायला लागलो. त्यांनी हात हलवला. "नंबर ऱ्हाऊं दे. जे शेवटी घातलं त्ये आदी निघंल. एवढं सादं हाय."

एवढं साधंच होतं. माझ्या माहितीपुस्तिकेत त्याला चार पानं लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत घरं नव्या जागी उभी होती, घोड्याच्या नालेसारखी. सगळी दारं आत, उघडी बाजू रस्त्याला. फक्की नाही, दोरी नाही. भामाबाई पावलं टाकत गेल्या आणि जिथं थांबल्या तिथं घर. सगळे जेवायला बसले तेव्हा मी गुपचूप टेप लावून अंतरं तपासली. वीतभर फरक निघाला. माझ्या रांगेतही तेवढाच निघाला होता, पण ते मी कुणाला बोललो नव्हतो.

दिवे लागायच्या आत अठरा चुली पेटल्या. दुधं उतू घातली, पोरं मधल्या जागेत हुंदडायला लागली. संस्थेच्या बाई आल्या तेव्हा एकही घर रिकामं नव्हतं. त्यांनी हातातल्या नकाशाकडं बघितलं, समोर बघितलं आणि विचारलं, "हे ड्रॉइंगमध्ये होतं?"

"सुधारित ड्रॉइंगमध्ये आहे," मी म्हणालो. आणि घरी जाऊन सुधारित ड्रॉइंग काढायला बसलो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासले' असा एक रकाना असतो. त्यात भामाबाईंचं नाव लिहिलं. नोकरीत त्या रकान्यात माझ्याहून मोठ्या साहेबांचंच नाव यायचं, तेव्हा पद्धत मोडली नाही.

भामाबाईंच्या सुनेला मुलगी झाली. बारशाचं मला आणि इसाकला आग्रहाचं बोलावणं. जाऊन बघतो तर पाळणा थेट छताच्या पाइपाला टांगलेला! वाऱ्याचा, पावसाचा, छतावर चढणाऱ्या माणसाचा भार मी धरला होता, पाळण्याचा धरलाच नव्हता. बाया पाळणा म्हणताहेत आणि मी मनात वजनं मांडतोय, त्यात बाळाची आत्या झोके देतेय ते असे जोरात! पाइपानं लाज राखली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक घरात पाळण्यासाठी कडी असते. सांगितल्याशिवाय लोकांना ती कशाची ते कळत नाही, आणि सांगितलं की पहिल्यांदा हसतात.

असे दहा महिने गेले. पक्क्या घरांचे स्लॅब टाकून झाले. गिलावा झाला. दारं-खिडक्या तेवढ्या राहिल्या. मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या निमित्तानं चक्कर मारायचो, पण 'परत' हा शब्द काही तोंडातून निघेना. घरांपुढं तुळशी आल्या होत्या. एकीनं मांडवावर दोडका चढवला होता. मला ती रसवंती दिसायला लागली, ती पेंडीची पोती दिसायला लागली.

आणि एका सकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला. पश्चिमेकडं घाटात दरड आली होती. माणसं वेळेत निघाली म्हणून वाचली, पण वाडी गेली. सगळे देवळाच्या सभामंडपात, आणि पाऊस काही उघडत नाही. "तात्या, पंधरा-सोळा कुटुंबं आहेत, वाढतील. ताडपत्री टिकत नाहीये तिथल्या वाऱ्यात. तुमची अठरा घरं कुठं आहेत?"

कुठं आहेत ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

फायलीत अठरा करारनामे घेऊन मी निघालो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. कायद्यानं घरं आमची. पण दारं नसलेल्या घरात जा, असं लेकरा-बाळांच्या माणसांना सांगायचं कसं? न सांगावं, तर तिकडं देवळात बसलेल्यांना काय सांगायचं? कुणा एकाच्या तरी नजरेत मी वाईट ठरणारच होतो. खोटं कशाला बोलू, गाडीत मला त्या कडी काढणाऱ्या म्हाताऱ्याची फार भीती वाटत होती.

भामाबाई नातीला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नातीला मांडीवरून खांद्यावर घेतलं. मग विचारलं,

"किती घरं हायती?"

"पंधरा-सोळा. वाढतील म्हणतात."

"लेकरं?"

"असणारच."

"पाऊस हाय?"

"थांबलाच नाही."

मी फाइल उघडली आणि करारनामा काढला. म्हणजे काय करावं ते सुचेना म्हणून काढला. भामाबाईंनी त्या कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"ठिव त्यो माघारी. उद्या सकाळी टरक घिऊन ये."

"तसं नाही भामाबाई, बाकीच्यांना विचारायला पाहिजे. एखादा नाही म्हणेल..."

"त्ये मी इचारते. तू टरकाचं बघ."

इसाकला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारी तयार आहे, पण अठरा घरांत एक तरी निघतंच अडवणारं. दोन दिवस धरून चाला." आम्ही पाच ट्रक आणि वीस माणसं घेऊन उजाडता उजाडता निघालो. गायरानाच्या वळणावर आलो आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

एकही घर नव्हतं. अख्खं गायरान मोकळं. तुळशी तेवढ्या उभ्या, आणि मधल्या जागेत एक कोंबडी.

पहिला विचार काय आला, ते लाज सोडून लिहितो: विकली! घरं विकली यांनी!

मग इसाकनं माझा दंड धरला आणि रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. अठरा थप्प्या. एकीशेजारी एक नीट रचलेल्या, दोरांनी आवळून बांधलेल्या. प्रत्येक थप्पीवर बोल्टांची गाठोडी, आणि दार सगळ्यात वर. कोंबडा आरवल्यापासून वस्तीनं तळ मोडला होता. आमच्या शेडमध्ये असं बांधायला आम्हाला तीन दिवस लागतात. एका थप्पीवर भामाबाई बसल्या होत्या, हातात चहाचा कप.

"लई उशीर केलास," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "अहो, तुमच्या घरांना अजून दारं नाहीत."

"पडदं लावल्यात की पोत्याचं. हितं कुठं पाऊस हाय?"

मी वळलो आणि ट्रकवाल्यांवर ओरडायला लागलो.

घाटातली ती वाडी म्हणजे चढावर चढ. नुसता वारा आणि धुकं. मी यावेळी दोरी खिशातून काढलीच नाही. आधी देवळात जाऊन बायांना विचारलं, की घरं कशी लावू? त्यांनी सांगितलं, पाठी डोंगराकडं आणि दारं एकमेकांकडं, दोन-दोनच्या जोडीनं. त्यांचं गणित वेगळं होतं. तसं करायचं ठरलं आणि पहिली थप्पी सोडली.

"तात्या, जरा इकडं या," इसाकनं हाक मारली.

दाराच्या आतल्या कडीला एक पुरचुंडी बांधलेली होती. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला गच्च गाठ, वर प्लास्टिकची पिशवी. मी वैतागलो. म्हटलं, कुणाचं तरी सामान राहिलं, आता हे पुन्हा इंदापूरला पोचवा. दुसरी थप्पी सोडली, तिच्या दारालाही पुरचुंडी. तिसरीला. चौथीला. मग आम्ही काम टाकून नुसती दारंच बघत सुटलो. अठरा दारं, अठरा पुरचुंड्या.

एक उघडली. ज्वारीचं पीठ, मीठ, तिखट, काड्यापेटी. दुसरीत तेच, वर गुळाचा खडा. आणखी एकीत साबणाची वडी. एकीत तान्ह्या पोराचं टोपडं, धुऊन घडी घातलेलं.

मी तिथूनच भामाबाईंच्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावला. "भामाबाई, तुमचं सामान राहिलंय घरांत."

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? शेजारनीची वाटी तरी आपुन रिकामी परत करतो व्हय? मंग एवढं घर रिकामं कसं दिऊ?"

मी फोन ठेवला आणि त्या थप्पीवर बसून रडलो. सरळ रडलो, डोळ्यांत कचरा वगैरे काही गेला नव्हता. इसाकही रडला आणि मग मला म्हणाला, "उठा तात्या, पाऊस यायच्या आत छतं चढवू."

प्रत्येक घराची किल्ली देताना पुरचुंडीही हातात दिली आणि ती कुणाच्या घरातून आली ते सांगितलं. एका आजीनं पीठ नाकाशी नेऊन हुंगलं आणि शेजारणीला म्हणाली, "जोंधळा हाय गं. आपल्याकडं निस्ता भात पिकतो." करारनाम्याचे कोरे कागद फायलीतच राहिले. ते काढायची मला हिंमत झाली नाही, आणि त्यांची गरज होती का, ते आता कुणी विचारू नये.

ही गोष्ट इथं संपली असती तरी मी समाधानानं शेडची किल्ली इसाकच्या हाती देऊन घरी बसलो असतो. पण घाटातल्या लोकांची पक्की घरं उभी राहिली तसा तिकडून आपणहून फोन आला, "सायेब, घरं घेऊन जावा." ट्रक जळोचीला पोचले तेव्हा सुमन डबा घेऊन शेडवर आली होती. मी ताडपत्र्या काढायला लावल्या आणि मोजायला लागलो. सुमननं सगळ्यात वरचं दार थोडं कलतं केलं. कडीला एक पुरचुंडी होती. तिनं गाठ सोडली.

आत तांदूळ होता.